दिवाळीत दिसलेली गाठ

लग्न होऊन मी पिंपरीत आले तेव्हा मला दोन गोष्टींची धास्ती होती. एक रेल्वेची आणि दुसरी सासूच्या तोंडाची. रेल्वेची सवय चार दिवसांत झाली. सासूला मी आत्या म्हणायचे, आमच्या चाकणच्या बाजूला सून सासूला आत्याच म्हणते. म्हणायचं आत्या आणि उभं राहायचं मात्र पोलीसपाटलासमोर उभं राहिल्यासारखं! सकाळी डोळे उघडले की आत्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. भाकरी जाड का झाली, पदर का ढळला, सातवी फायनल झालेल्या पोरीला साधी चूल कशी पेटवता येत नाही. मी सातवी पास होते हे त्यांच्या डोळ्यांत फार सलायचं. आणि गावातल्या बायांना तेच कौतुकानं सांगताना मी त्यांना चोरून ऐकलेलंही होतं.

आमची पिंपरी गावात भाड्याची एक खोली होती, पुढे पडवी. पडवी शेजाऱ्यांच्यात आणि आमच्यात सामाईक. कंपनीचा भोंगा तिथे ऐकू यायचा आणि भोंग्याच्या पलीकडे नुसती ज्वारीची शेतं होती. नवऱ्याला मी मालक म्हणायचे. मालक नव्यानं निघालेल्या औषधाच्या कंपनीत बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले होते.

घरात मिशेरी भाजणं हे माझं काम. चाकणच्या बाजारातून तंबाखू यायची. ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, फडक्यातून चाळायची. भाजताना असा ठसका उठायचा की पडवीतल्या बाया ओरडायच्या, "अगं ए, मारतीस का काय आम्हाला!" मी खोकत खोकत हसायचे. आत्या दिवसातून पाच-सहा वेळा ती दातांना चोळायच्या आणि वर चिमूटभर डाव्या गालात धरून ठेवायच्या. मीही लावायला लागले होते. सुनेनं सासूशेजारी बसून मिशेरी लावली की ती घरात रुळली असं समजत, आणि मला रुळायची घाई झाली होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आत्यांची डावी दाढ दुखायला लागली. दाढ दुखली की आमच्या बाया काय करतात? तिथे मिशेरी दाबून धरतात. तंबाखूनं जरा बधिर होतं, ठणका थांबतो. आत्यांनी तेच केलं. पाच वेळा लावायच्या त्या दहा वेळा लावू लागल्या आणि मी दुप्पट भाजू लागले. पुढे त्यांनी तिखट सोडलं. भाकरी दुधात कुस्करून मागायला लागल्या. बोलणंही कमी झालं. आता खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बाई गं, एकदाचा पट्टा थांबला, असं मी मनात म्हणाले. त्या कशानं गप्प झाल्या हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

दिवाळीत अभ्यंगाला त्यांच्या अंगाला तेल लावताना जबड्याखाली माझ्या बोटांना गाठ लागली. चिंचोक्याएवढी, टणक.

"आत्या, हे काय?"

"दाढंची सूज हाय. उतरंल," म्हणाल्या.

आधी हळद-चुन्याचा लेप झाला. मग गावाहून आलेल्या एका म्हातारीनं बिब्ब्याचा चटका दिला, त्यानं वरची कातडी भाजली, गाठ होती तिथेच राहिली. तेव्हा मालक पुढे झाले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्याच कंपनीत पेनिसिलीन बनतंय, सगळ्या हिंदुस्थानात जातंय, आणि आपण बिब्बे कसले लावत बसलोय? पंचावन्न सालानंतरची ही गोष्ट. पेनिसिलीन म्हणजे तेव्हा जादूच होती. न्यूमोनियानं घरघर लागलेलं पोर चार दिवसांत उठून पडवीत खेळताना आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाय कापायला निघालेल्या माणसाचं गळू सुकलेलं पाहिलं होतं. आमच्या खोलीत त्या औषधाचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जायचं. मालक हातांच्या तळव्यांकडे बघत म्हणायचे, "ह्या हातांनी धुतलेल्या बाटल्यांतलं औषध लोकांचे जीव वाचवतंय." शेतात ढेकळं फोडलेल्या माणसाला हे केवढं वाटत असेल!

त्यांनी चिंचवडच्या दुकानातून इंजेक्शनं आणली आणि ओळखीचा एक कंपाउंडर घरी बोलावला. कंपाउंडरनं गाठ चाचपली, "आ करा" म्हणाला. आत्यांनी पदर तोंडावर ओढला. परक्या पुरुषापुढे तोंड वासायचं, तेही मिशेरीनं काळं झालेलं! त्या भिंतीकडे वळल्या आणि दंड तेवढा बाहेर काढला. कंपाउंडरनंही पुन्हा म्हटलं नाही. इंजेक्शन टोचलं, चहा घेतला आणि गेला. तोंडाच्या आत कोणीही पाहिलं नाही. त्यानं नाही, मालकांनी नाही आणि मीही नाही. सून सासूला "तोंड उघडा" कशी म्हणणार?

आणि वैऱ्यावरही येऊ नये असं झालं. इंजेक्शनांनी गुण आला! सूज उतरली, बारीक ताप होता तो गेला, तोंडाला वास यायला लागला होता तो कमी झाला. मालक हरखून गेले. अख्ख्या पडवीला त्यांनी पेढे वाटले. गाठ तेवढी जागची हलली नव्हती, पण तिच्याकडे कोण बघतो! पंधरा दिवसांनी सूज परत आली, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा थोडा गुण. असं करत करत संक्रांत उजाडली.

संक्रांतीला मी आत्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पाया पडले. त्यांनी तिळगुळाचा खडा तोंडाशी नेला, पण तोंड उघडेना. दोन बोटंसुद्धा जाणार नाहीत एवढंच उघडलं. तिळगूळ हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या बाईच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. मी त्यांचा हात धरून दारात उजेडाला आणलं आणि म्हणाले, "बघू." त्यांनी बघू दिलं. गाल आतून फुटलेल्या अंजिरासारखा झाला होता. मिशेरी धरायची नेमकी तीच जागा. त्या संध्याकाळी मी लग्नानंतर पहिल्यांदा मालकांवर ओरडले, "आता टोचणं बास! डॉक्टरला दाखवायचं, आणि बाईमाणूस डॉक्टर असेल तिथेच!"

पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदाच आत पाहिलं, हात धुतले आणि मुंबईच्या कॅन्सरच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली. मालक आम्हाला पॅसेंजरनं मुंबईला घेऊन गेले. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच चालायची. मालक आम्हाला तिथे सोडून माघारी शिफ्टला आले, आणि मी तिथे दीड महिना राहिले.

मला तोवर वाटायचं, कॅन्सर म्हणजे एकच एक रोग. देवी असते, पटकी असते, तसा. शिवाय शिवलं तर होतो. पहिले दोन दिवस मी शेजारच्या खाटेला लुगड्याचा काठही लागू दिला नाही. तिथली नर्स मालवणाकडची होती, बोलायला फटकळ. तिनं माझा तो नखरा पाहिला आणि चांगली हजेरी घेतली. "शिकलेली म्हणवतेस ना? मग डोळे उघडून बघ. हा कोणाचा कोणाला लागत नाही. हिचा जिभेचा आहे, तिचा अन्ननळीचा, पाणी गिळलं तरी परत येतं. पलीकडच्या तिघींचा गर्भपिशवीच्या तोंडाचा. विटाळ जाऊन वर्षं झाली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं, तर त्या म्हणतात देवाची कृपा, तरुण झाले! लाजेनं सांगत नाहीत. आणि ती खिडकीजवळची, तिचा छातीचा. गाठ दुखत नाही म्हणून दोन वर्षं चोळीत लपवली."

दारालगतच्या खाटेवर एक कोवळी पोर होती, नुकतं लग्न ठरलेली. तिला कुठेच गाठ नव्हती, जखम नव्हती, नुसती पांढरी पडत चालली होती. मी विचारलं, हिचा कुठला? नर्स म्हणाली, रक्ताचा. मी म्हणाले, अहो रक्ताला तर जागाच नाही, मग तो बसतो कुठे? ती म्हणाली, म्हणूनच कापून काढता येत नाही. आठ दिवसांनी सकाळी ती खाट रिकामी होती आणि गादी उन्हात टाकलेली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मला आणखी एक कोडं होतं. आत्यांच्या केसपेपरवर गालाचा कॅन्सर लिहिलं होतं आणि गाठ तर मानेत होती. मग आता दोन झाले की काय? नर्सनं सांगितलं, दोन नाही, तोच. गालात सुरू झाला आणि तिथून मानेत उतरला. मानेत राहिला, फुप्फुसात गेला, तरी नाव गालाचंच. ते मला लगेच पटलं. बाई कुठेही नांदायला गेली तरी तिचं माहेर काही बदलत नाही.

सगळ्या तपासण्या झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "बाई, गाठ मोठी झाली आहे, गळ्याच्या शिरेला चिकटली आहे. आता कापता येत नाही. लाईट देऊ, म्हणजे किरणांचा शेक, त्यानं दुखणं थोडं कमी होईल. बरं होणार नाही."

मी विचारलं, "कधी आणायला हवं होतं?" का विचारलं कोण जाणे. न विचारते तर बरं झालं असतं.

"गाठ पहिल्यांदा दिसली कधी?"

"दिवाळीत."

"दिवाळीत आणलं असतं तर गालाचा तेवढा भाग आणि गाठ काढून टाकली असती. वाचण्याची बरीच आशा होती."

मी वळले तर मागच्या बाकावर आत्या बसलेल्या. सगळं ऐकलेलं. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्या अर्ध्या उघड्या तोंडानं, एकेक शब्द सावकाश काढत म्हणाल्या, "ह्ये त्याला सांगायचं न्हाई."

"आत्या..."

"त्यानं आईसाठी चांगलंच केलं न्हवं? मग? त्याला कळलं तर तो त्या बाटल्यांना हात लावायचा न्हाई. उभ्या जन्मात हासायचा न्हाई. माजी आन हाय तुला, पोरी."

मी त्यांच्या पायाला हात लावून आण घेतली. तोवर त्यांनी मला इतक्या मायेनं कधी पोरी म्हटलं नव्हतं.

लाईट देऊन झाल्यावर आम्ही पिंपरीला परत आलो. पुढचे अडीच महिने मी लिहिणार नव्हते, पण न लिहिणं म्हणजे पुन्हा पदर ओढणं. गालाला बाहेरून भोक पडलं. पाजलेलं पाणी तिथून गळायचं. दिवसातून चार वेळा मी चिंध्या बदलायचे, उकळायचे, वाळत घालायचे. वासानं शेजारणी पडवीत बसेनाशा झाल्या. आत्या खुणेनं मिशेरी मागायच्या, आणि मी द्यायचे. होय, दिली. आता काय राखायचं होतं? स्वतः मात्र मुंबईहून आल्यापासून हात लावला नाही. मालक कामावरून आले की कंपाउंडरकरवी आईला पुन्हा इंजेक्शन द्यायचे, तिच्या उशाशी बसायचे आणि मला विचारायचे, "डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग की."

"आधीच उशीर झाला होता म्हणाले. वर्ष-दीड वर्षापासूनचं होतं."

"म्हणजे दिवाळीतसुद्धा?"

"दिवाळीतसुद्धा."

"मग इंजेक्शनांनीच एवढे दिवस काढले म्हणायचे," ते म्हणाले. मी "हो" म्हणाले. एवढाच एक शब्द, पण पुढे तो फार महागात पडणार होता.

वैशाखात आत्या गेल्या. दहाव्याला आम्ही आळंदीला गेलो. पिंडाशेजारच्या पानावर त्यांच्या आवडीचं म्हणून कोणीतरी मिशेरीही वाढली. जिनं त्यांना खाल्लं, तीच! कावळा काही शिवेना. मालकांनी हात जोडले, गावाहून आलेल्या धाकट्या दिरांनी शेत विकणार नाही असं वचन दिलं, नणंदेला अंतर देणार नाही म्हणाले. कावळा आपला घाटाच्या भिंतीवर. शेवटी मी मागे उभी राहून मनातल्या मनात म्हणाले, नाही सांगणार त्यांना, आत्या, जा तुम्ही. कावळा खाली आला आणि शिवला. भुकेला असेल. पण मी त्या दिवसापासून त्या आणेला जास्तच भिऊ लागले.

त्यानंतर मालकांना एक नादच लागला. कोणाचं आजारपण निघालं की ते सांगायचे, "राव, कॅन्सर होता आमच्या आईला, कॅन्सर! तरी आपल्या इंजेक्शनांनी सहा महिने काढले." लोक मान डोलवायचे. मी चुलीपुढे बसून ऐकायचे. म्हणे ना बापडे, कोणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं.

बिघडलं ते पुढच्या पावसाळ्यानंतर. शेजारच्या खोलीत बीडकडचं जोडपं राहायचं, नवरा मालकांच्याच खात्यात. बायको पस्तिशीची, तीन लेकरांची आई. एकदा पडवीत दाणे निवडताना ती हळूच म्हणाली, "वैनी, मला बी इंजेक्शनं चालू व्हायलीत उद्यापासून. तुमच्या सासूला दिल्ती तीच."

"का गं?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं, माझा हात धरून आत नेलं आणि चोळीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ. कडक, हलत नव्हती, आणि वरची कातडी आत ओढलेली. "दुखत न्हाई अजिबात," ती हसून म्हणाली. "ह्यांनी तुमच्या मालकाला इचारलं. भाऊ म्हणले, काळजी करू नका, आमच्या आईला एवढं मोठं दुखणं, तरी गुण आला."

मी कशी बाहेर आले मला आठवत नाही. पहिली शिफ्ट सुटली होती. दोघेही पुरुष पडवीच्या कडेला हातपाय धूत होते. मी डोक्यावरचा पदरही न सावरता म्हणाले, "हिला इंजेक्शन द्यायचं नाही. उद्याच मुंबईला न्यायचं."

मालक म्हणाले, "अगं, येडी का काय तू? आईचं तोंडाचं होतं. हिचं छातीचं. दोन्हींचा काय संबंध?"

"संबंध आहे! तोंडाचा वेगळा, छातीचा वेगळा, पिशवीचा वेगळा, सगळं मी दीड महिना बघितलंय. पण वाट बघत बसलं की सगळे मारतात. आणि इंजेक्शनानं आत्यांना काहीही झालं नव्हतं. वरची सूज तेवढी उतरत होती."

"डॉक्टर म्हणाले ना, दिवाळीतच उशीर झाला होता?"

माझ्या डोळ्यांपुढे आत्या आल्या. माझ्या हातून आण मोडत होती आणि पलीकडे दारात ती बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती.

"नव्हता झाला," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं. दिवाळीत नेलं असतं तर वाचल्या असत्या."

बीडकडचा तो माणूस ओल्या पायांनीच रजा मागायला कंपनीकडे पळाला. त्याची बायको वाचली हे सांगून टाकते. मुंबईत तिचा एक स्तन काढला, आणि ती पुढे नातवंडं खेळवेपर्यंत जगली. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त मालकांकडे बघत होते.

ते पडवीच्या दगडावर खाली बसले. तांब्या हातात तसाच. त्यांनी विचारलं, "आईला ठाऊक होतं?"

"हो. त्यांनीच मला आण घातली."

"मुंबईहून आल्यावर मी परत इंजेक्शनं चालू केली. शेवटपर्यंत. तेव्हा पण ठाऊक होतं?"

"हो."

"रोज दंड पुढं करायची गं," ते म्हणाले. "सुई टोचताना माझ्याकडं बघायची. मला वाटायचं, तिला बरं वाटतंय."